तापून बसलेलं इंजिन पुन्हा बांधताना: खोलण्यापासून बोनेटच्या पॉलिशपर्यंत

इंजिन काम करून आणलेली गाडी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेल खायला लागली, की सगळे मेकॅनिकच्या हाताला किंवा डुप्लिकेट पार्टला बोल लावतात. खरं कारण बहुतेक वेळा क्रम चुकण्यात असतं. आधी पिस्टन-रिंगचा सेट येतो, मग इंजिन खोललं जातं आणि माप घेतलंच तर सगळ्यात शेवटी. त्याच आठवड्यांत गाडीच्या रंगाचीही वाट लागते. फेंडरवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे पडतात, ब्रेक ऑइलचा थेंब पडून रंग फुगतो आणि शेवटी 'चकाचक करून देतो' म्हणत कुणीतरी अंगावर डिझेलचा फडका फिरवतो.

खाली उदाहरणाला मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घेतलंय. सुटं करायला सोपं आहे, पार्ट मिळतात आणि घरच्या शेडमध्ये लोक खोलतात ते बहुधा हेच. क्रम मात्र कुठल्याही छोट्या पेट्रोल इंजिनाला तोच लागू पडतो. टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा) आणि क्लिअरन्सचे (दोन भागांमधली फट) आकडे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्या. इथले आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत.

१. आधी ठरवा: खोलायचंच आहे का, आणि कुठपर्यंत

गाडी तापून बंद पडली म्हणजे फुल इंजिन काम आलंच असं नाही. नुसतं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं) गेलं असेल तर हेड उतरवून काम भागतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढं बघा:

- डिपस्टिक आणि तेलाच्या झाकणाची आतली बाजू. तिथे दुधाळ, कॉफीच्या रंगाचा फेस असेल तर तेलात पाणी गेलंय. अशा तेलावर गाडी चालवली असेल तर बेअरिंग बघितल्याशिवाय सुटका नाही.
- इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का.
- कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये होणारा दाब. तिन्ही प्लग काढा, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावा, इग्निशनची जोडणी सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. एकेका सिलिंडरचा आकडा लिहून ठेवा. तिघांत एक किलोपेक्षा (प्रति चौरस सेंमी) जास्त फरक असेल तर काहीतरी बिघडलंय.

कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) झिजलाय. जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट जळालंय, हे जवळपास नक्की धरा.

इशारा: गाडी पावसाच्या तुंबलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हेड उतरवल्यावर प्रत्येक पिस्टन अगदी वर आणून त्याची उंची ताडून बघा. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला तर त्याचा रॉड गेला.

२. सामान, जागा आणि चिठ्ठ्या

चेन ब्लॉक टांगायला भक्कम आधार हवा. पत्र्याच्या शेडचा अँगल चालणार नाही. गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना, फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं), सरळ पट्टी, रिंग कॉम्प्रेसर आणि प्लास्टिगेज (क्लिअरन्स मोजायचा मऊ प्लास्टिकचा धागा) एवढं लागेलच. मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत घ्यायची गरज नाही. चांगल्या बोअरिंगवाल्याकडे असतात आणि तो समोर माप घेऊन देतो. 'माप काय घ्यायचं, बोअर मारूनच टाकू' असं म्हणणाऱ्याकडून इंजिनाचा ब्लॉक उचलून दुसरीकडे न्या.

नट-बोल्ट एकाच ट्रेमध्ये टाकायचे नाहीत. प्रत्येक भागाची वेगळी झिपची पिशवी, वर मार्करने नाव. वायरिंग आणि नळ्या सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. प्रत्येक जोडीला दोन्ही टोकांना एकच आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावा.

३. रंग आधी झाका, मग बोनेट उघडा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. गाडी आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या, कारण धुळीवर टाकलेलं कापड स्वतःच सँडपेपर होतं. मग दोन्ही फेंडरवर जाड मऊ चादर आणि तिच्यावर प्लास्टिक. कमरेचा पट्टा काढून ठेवा किंवा बकल मागे फिरवा.

बोनेट उतरवण्याआधी बिजागऱ्यांच्या कडेने मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने खूण करा. दोघांनी धरूनच उतरवा आणि जुन्या गादीवर भिंतीला टेकवून ठेवा. खुणेशिवाय उतरवलेलं बोनेट नंतर जागेवर बसवायला अर्धा दिवस जातो आणि कोपऱ्याचा रंग उडतो तो वेगळाच.

इंजिन जागेवर असतानाच डिग्रीझर मारून बाहेरून धुवा. अल्टरनेटर, इग्निशनचे भाग आणि एअर फिल्टरचं तोंड पिशवीने बांधून घ्या. मळलेलं इंजिन खोललं तर तो मळ आतच पडणार.

इशारा: ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पुसल्याने ते पसरतं. कूलंट सांडलं तरी वाळायच्या आत धुऊन टाका.

४. इंजिन बाहेर काढणं आणि खोलणं

सर्वांत आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मग पाणी, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल काढा. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवल्याशिवाय नळी सोडवू नका. सायलेन्सरचा पाइप, ड्राइव्ह शाफ्ट, केबल आणि नळ्या सुटल्या की इंजिन गिअरबॉक्ससकट वर घ्या. जॅकवर उभ्या गाडीखाली, किंवा लोंबत्या इंजिनाखाली, हातसुद्धा घालायचा नाही.

हेडचे बोल्ट सोडवताना बाहेरून आत, थोडे थोडे. एकदम एक बोल्ट पूर्ण सोडला तर आधीच तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड आणखी वाकतं.

खाली पिस्टन काढताना प्रत्येक रॉडची कॅप तिच्याच रॉडला परत लावून ठेवा. रॉड आणि कॅप कारखान्यात जोडीने मशिन केलेले असतात. अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही. आकडे दिसत नसतील तर स्वतः खुणा करा, पण छिन्नीचा घाव न मारता मार्करने. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तेच, त्यांचा क्रम आणि बाणाची दिशा लिहून ठेवा.

निघालेलं काहीही अजून फेकू नका. जुने बेअरिंग शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) टेबलावर ओळीने मांडा. एकाच बाजूला झीज असेल तर रॉड वाकडा असू शकतो. तांब्याचा रंग दिसतोय म्हणजे वरचा थर संपला. पिस्टनच्या स्कर्टवर उभे चरे आहेत म्हणजे पिस्टन तापून फुगला आणि बोअरला घासला.

५. माप घ्या, कागदावर लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बोअर: प्रत्येक सिलिंडरमध्ये तीन उंचींवर माप घ्यायचं. वर जिथे पहिली रिंग फिरते तिथे, मध्ये आणि खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांना, एकदा क्रँकच्या लांबीच्या रेषेत आणि एकदा तिला आडवं. तीन सिलिंडरचे अठरा आकडे होतात. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिमी. एका सिलिंडरमधल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात ०.१० मिमीच्या वर फरक असेल तर नुसत्या रिंग बदलून काही होणार नाही, बोअर मारावाच लागेल. 'नख अडकत नाही, बोअर चांगलाय' ही परीक्षा खोटी आहे. अंडाकार झालेल्या भिंतीवर नख कधीच अडकत नाही.

क्रँक: प्रत्येक जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) माप दोन दिशांना आणि दोन टोकांना. ०.०१ मिमीच्या पुढे अंडाकार किंवा उतार दिसला तर पुस्तिका उघडून मर्यादा बघा. पृष्ठभागावर निळसर झाक असेल तर तो जर्नल तेलाविना तापला होता.

हेड: गॅस्केटचा मागमूस काढल्यावर सरळ पट्टी सहा रेषांवर टेकवायची, चार कडा आणि दोन कर्ण. पट्टीखाली फीलर गेजचं ०.०५ मिमीचं पान सरकत असेल तर फेसिंग (मशिनवर सपाट करणं) लागेल. दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या अरुंद पट्टीवर चीर आहे का ते भिंग घेऊन बघा. शंका असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. ही टेस्ट फेसिंगच्या आधी करायची, कारण चीर निघाली तर फेसिंगचे पैसे वाया.

तपासा: हेड वाकलं असेल तर त्यातली कॅमशाफ्टची भोकंही सरळ रेषेत राहिलेली नसतात. फेसिंगने खालची बाजू सपाट होते, वरची नाही. रॉकर नसताना कॅम हाताने सहज फिरतोय का बघा. अडकत फिरत असेल तर फेसिंग मारून फायदा नाही, दुसरं हेड शोधा.

६. लेथवर काय द्यायचं आणि पार्ट कधी घ्यायचे

इथला क्रम पिस्टनला एक आणि बेअरिंगला दुसरा आहे. लोक दोन्हीकडे तोच लावतात.

पिस्टन: माप बघून कुठल्या ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा मोठ्या) बोअर साफ होईल ते ठरवा, ०.२५ की ०.५० मिमी. एकच सिलिंडर खराब असला तरी तिन्ही एकाच साइजचे करा. मग त्या साइजचे पिस्टन विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर बोअरिंगवाल्याच्या हातात द्या. तो पिस्टन मोजून त्यावर क्लिअरन्स धरून बोअर मारेल. पिस्टन हातात येण्याआधी बोअर मारून ठेवला आणि बाजारात त्या साइजचा सेट मिळालाच नाही, तर पुढच्या साइजला पुन्हा खर्च.

बेअरिंग: क्रँक ०.२५ ने घासावा लागेल असं दिसलं तर त्या अंडरसाइजचे (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारे) शेल बाजारात आहेत ना एवढी खात्री करून घ्या, मात्र विकत घेऊ नका. घासताना खड्डा निघाला नाही तर ०.५० वर जावं लागतं. क्रँक हातात आल्यावर शेल घ्या.

पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने-नवे पार्ट मिळतात. घासाघीस कराच, पण पिस्टन, रिंग, बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट आणि हेड गॅस्केट यांत काटकसर नको. त्यातला एक हलका निघाला तरी सगळं पुन्हा खोलावं लागतं.

इशारा: ब्लॉकच फुटलाय आणि जुना दुसरा ब्लॉक घेताय, तर बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. बदल आरटीओत नोंदवायला लागतो. नंबर न जुळणारी गाडी विकताना आणि विम्याचा दावा करताना अडकते.

७. लेथवरून आल्यावर पुन्हा धुवा

बोअर मारल्यावर होनिंग (दगडाने शेवटची घासाई) होतं आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटतात. त्या रेषांत होनिंगच्या दगडाची पूड अडकून बसते. ब्लॉक 'साफ करून' दिला असं लेथवाला सांगतो, म्हणजे त्याने रॉकेलने पुसलेला असतो. रॉकेलने तेल निघतं, ही पूड निघत नाही. ती नव्या रिंगला पहिल्या दोनशे किलोमीटरमध्येच खाते. इंजिन काम झाल्यावर लगेच धूर काढणाऱ्या कितीतरी गाड्यांचं मूळ इथे असतं.

कोमट पाणी, साबणाची पूड आणि कडक ब्रश. बोअर घासा, पाणी ओता, पुन्हा घासा. मग पांढऱ्या सुती कापडाला थोडं इंजिन ऑइल लावून भिंत पुसा. कापड राखाडी निघालं तर परत पहिल्यापासून. कापड पांढरंच राहिलं की थांबायचं. त्याच्या आधी नाही.

तेलाच्या वाटांचे प्लग काढून आत लांब ब्रश फिरवा आणि हवा मारा. घासून आलेल्या क्रँकच्या तेलाच्या भोकांतही पूड असते, तीसुद्धा अशीच काढा. धुतल्यावर लगेच हवेने वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, उघड्या बोअरवर थोड्याच वेळात तांबूस गंज धरतो. यापुढे कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचे धागे ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

८. खालची बांधणी

शेल बसवताना त्यांची पाठ आणि कॅपचं घर कोरडं हवं. तेल फक्त आतल्या बाजूला. वरच्या शेलचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर येतंय ना ते डोळ्याने बघा.

पहिल्यांदा बांधणी कोरडी आणि फक्त माप घेण्यासाठी करायची. जर्नलवर प्लास्टिगेजचा तुकडा ठेवा, कॅप टॉर्कने आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका, कॅप काढा आणि चपटा झालेला तुकडा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघा. क्लिअरन्स साधारण ०.०२ ते ०.०५ मिमीमध्ये यायला हवा. जास्त आला तर तेलाचा दाब टिकणार नाही, कमी आला तर शेल चिकटेल. पुस्तिकेच्या मर्यादेबाहेर असेल तर 'चालून जाईल' म्हणू नका.

मग तुकडा पुसून, तेल लावून खरी बांधणी. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. तिसरी कॅप आवळल्यावर जड झाला तर दोष तिसऱ्यात आहे, हे लगेच कळतं. सगळ्या कॅप आवळून मग फिरवला तर शोधत बसावं लागतं.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग एकटी बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने खाली सरळ ढकला आणि टोकांमधली फट मोजा. ढोबळ हिशेब बोअरच्या चार हजारांशाचा, म्हणजे इथे सुमारे ०.२७ मिमी. फट फारच कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर चिरतात. रिंगवरचं अक्षर किंवा ठिपका वरच्या बाजूला. वरच्या दोन रिंगांच्या आणि ऑइल रिंगच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका. पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टकडे.

रॉडच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे आत सरकताना नव्याने घासलेला क्रँक ओरखडणार नाही. पिस्टन कॉम्प्रेसरमधून ढकलताना हातोडीचा लाकडी दांडा वापरा आणि हलके टोले द्या. मध्येच अडला तर जोर लावू नका. रिंग बाहेर निसटलीय, आणखी एक टोला आणि ती तुटली.

क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील आताच नवे घाला. मागचं सील बदलायला नंतर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेलाच्या चेंबरला (इंजिनाच्या तळाच्या भांड्याला) सिलिकॉन लावताना बारीक सुतळीएवढी धार पुरे. जास्तीचं आत पिळून येतं, तुटतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं.

९. हेड आणि टायमिंग

व्हॉल्व्ह लॅप केल्यावर (पेस्ट लावून सीटवर घासून बसवल्यावर) पेट्रोलने परीक्षा घ्या. प्लग लावून हेड उलटं ठेवा, हेडच्या खोलगट भागात पेट्रोल ओता आणि पाच मिनिटं थांबा. पोर्टमध्ये ओल आली तर तो व्हॉल्व्ह पुन्हा लॅप करा. ग्राइंडिंग पेस्टचा कण आत राहता कामा नये. व्हॉल्व्ह सील सगळे नवे. तापलेल्या इंजिनात जुने सील कडक झालेले असतात, निळ्या धुराचं एक कारण तेही.

ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साठलेलं असेल तर हवेने काढा. ते न काढता बोल्ट आवळले तर टॉर्कचा आकडा खोटा दाखवतो आणि कधी ब्लॉकला चीरही जाते. गॅस्केट कोरडंच ठेवा, वर-खालची खूण बघून. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

टायमिंगच्या खुणा जुळवून नवा बेल्ट आणि नवा टेन्शनर लावा.

तपासा: बेल्ट लावल्यावर इंजिन पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का बघा. कुठे कडक अडलं तर थांबा. तिथे सेल्फ मारून बघणं म्हणजे व्हॉल्व्ह वाकवून घेणं.

१०. तापलं कशामुळे, ते शोधल्याशिवाय इंजिन बसवू नका

नवं इंजिन जुन्या रेडिएटरला जोडलं की गोष्ट परत तिथेच येते. रेडिएटर उघडून साफ करा, पाण्याचा पंप आणि झाकण नवं घाला, पंख्याचा स्विच तपासा. थर्मोस्टॅट पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरबरोबर सोडून गरम करा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे.

'आपल्याकडे गरमीच एवढी, काढून टाका तो थर्मोस्टॅट' हा सल्ला गॅरेजोगॅरेजी मिळतो. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसलं की इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचतं, पेट्रोल जास्त जळतं, तेलात पेट्रोल उतरतं आणि नव्या रिंग झिजतात. आणि गर्दीत गाडी तापायची ती पंखा बंद असेल तर तरीही तापते.

बोअरवेलचं पाणी भरू नका, त्याचे क्षार आत चिकटतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हळूहळू भरा, हीटरचा नळ उघडा ठेवा, नळ्या दाबत हवा बाहेर काढा. आत अडकलेली हवा नवं हेडसुद्धा वाकवते.

११. पहिला स्टार्ट

ऑइल फिल्टर आधी तेलाने भरून लावा. प्लग काढलेलेच ठेवा आणि पेट्रोलची आणि इग्निशनची जोडणी सोडवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत.

मग प्लग लावून सुरू करा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-२, वायर लावताना लक्षात असू द्या. पाच सेकंदांत दिवा विझला नाही तर लगेच बंद. सुरू झाल्यावर आयडलवर ठेवू नका, १,५०० ते २,००० फेऱ्यांवर काही मिनिटं चालवा. बांधताना लावलेलं तेल जळून सुरुवातीला निळसर धूर येतो, तो थांबला पाहिजे. पंखा आपोआप सुरू होतो का ते उभं राहून बघा. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग पाण्याची आणि तेलाची पातळी.

पहिले ५०० किमी मिनरल तेलावर. फूल ॲक्सिलरेटर नको, पण कुंथवूनही चालवू नका, चौथ्या गिअरमध्ये तीसने चढ चढवणं वाईटच. रिंग बसायला बदलता भार लागतो, म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ६० पर्यंत वेग घ्या आणि पाय काढा, असं पुन्हा पुन्हा. नवं इंजिन घेऊन पहिल्याच दिवशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एकाच वेगाने जाणं टाळा. ५०० किमीला तेल आणि फिल्टर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा. जुन्या तेलात बारीक चमक दिसेल. नखाएवढे तुकडे दिसले तर मात्र तेलाचं चेंबर उघडा.

१२. रंग: गळती थांबल्यावरच हात लावा

पॉलिश ५०० किमीच्या तेलबदलानंतर. तोवर कुठे ना कुठे तेल-पाणी उडणारच, आधी केलेली मेहनत पुसली जाते.

धुणं: गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागेल तेव्हा. दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. छतापासून खाली. भांड्याचा साबण आणि कपड्यांची पावडर नको, वॅक्सचा थर निघून जातो. सोसायटीत एकाच बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्या माणसाला सांगून ठेवा की या गाडीवर कोरडा फडका मारू नको. उन्हात दिसणारी ती गोल गोल जाळी त्यानेच पडते. डिझेलचा किंवा रॉकेलचा हात तर नकोच, चमक दोन दिवसांची आणि तेलकट थरावर बसलेली धूळ महिनाभराची.

चिकटलेला मळ: धुतल्यावर ओल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर क्ले बार (मळ ओढून घेणारी मऊ वडी), भरपूर शॅम्पूच्या पाण्यासह. खाली पडलेला क्ले फेकून द्या, त्यात वाळू रुतलेली असते. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात, नंतर लगेच धुवा. पक्ष्याची विष्ठा खरवडू नका, ओलं कापड ठेवून मऊ होऊ द्या. सिमेंटचे शिंतोडे नखाने काढलेत तर रंगासकट निघतील.

कंपाउंड (रंग घासून ओरखडे काढायची पेस्ट): आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं घासून बघा. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, जुन्या ८०० बहुधा अशाच. तिथे हात फार हलका. क्लिअरकोट असला तरी तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, कागदापेक्षा पातळ. ओरखड्यात नख अडकलं तर कंपाउंडने तो जाणार नाही, नाद सोडा. कडांवर आणि बॉडी लाइनवर टेप लावा, रंग तिथेच आधी जळतो. मशीन वापरायचं तर ऑर्बिटल घ्या, गोल फिरणारं रोटरी पहिल्यांदा हातात घेऊ नका. कंपाउंडनंतर बारीक पॉलिश, मग वॅक्स. कंपाउंड न पुसता त्यावर वॅक्स लावलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात.

खडा उडून गेलेला रंग: गंज पूर्ण खरवडून प्राइमर, मग रंगाच्या कोडप्रमाणे टचअप. पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. एकाच जाड थेंबाचा फुगवटा होतो.

फेंडर किंवा बोनेट नव्याने रंगवून घेतलं असेल तर महिना-दोन महिने त्यावर वॅक्स नको, आतला थिनर बाहेर पडायला वाट लागते. त्या काळात गाडीवर कव्हरही टाकू नका. कव्हर जुन्या रंगावरही टाकायचं ते गाडी कोरडी आणि धूळ झटकलेली असतानाच. पावसात भिजलेल्या गाडीवर टाकलेलं कव्हर दोन दिवसांनी उचललंत तर बोनेटवर ओलाव्याचे पांढरट डाग उठलेले दिसतील.